होळीचा मार होळीत

सालईच्या तांड्यात फाल्गुन लागला की नवरेमंडळी एकाएकी गुणी होत. वर्षभर ज्याने घागरीला हात लावला नाही, तो पहाटेच विहिरीवर दिसे. मोहाची दारू पिऊन रोज चूल विझवणारा एखादा गडी बायकोला म्हणे, "तू बस, मी घालतो बैलाले पानी." बायका तोंडाला पदर लावून हसत. दिग्रसच्या बाजारातून कोणी पाहुणा आला, तर त्याला वाटे, काय देवमाणसांचा तांडा आहे! त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की यात देवाचा हात नव्हता. हात होता मोतीबाईचा, आणि त्या हातात काठी.

मोतीबाई बंजाऱ्याची विधवा. एकुलती मुलगी फुलसावंगीकडे दिलेली, घरी एक बैलजोडी, थोडी तूर, थोडा कापूस. नवरा गेल्यावर तिने कोणाच्या दारात रडत बसणं केलं नाही. कापसाची गाडी स्वतः जुंपून दिग्रसला न्यायची आणि तिथल्या अडत्यांशी त्यांच्याच हिंदीत भांडून यायची. उंचीने कोणत्याही गड्याला हार न जाणारी, आवाज असा की तिकडच्या टेकडीवरची गुरं मान वर करत. तांड्यातलं सगळं बोलणं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत चाले. आपण ते वऱ्हाडीत ऐकू या, म्हणजे तुम्हाआम्हाला कळेल.

आता काठीची गोष्ट. बंजाऱ्यांची होळी म्हणजे नुसता रंग आणि बोंबा नव्हेत. वर्षभरात ज्या घरी मुलगा जन्मला, त्या घरी होळीला त्याचा धुंड करतात. अंगणात दोन खुंटे रोवायचे, मधे पुऱ्यांनी भरलेलं पातेलं दोराने जखडून ठेवायचं. तांड्यातल्या बायका हातात काठ्या घेऊन पातेल्याभोवती उभ्या राहतात आणि गड्यांनी पाठीवर घोंगडं घेऊन ते पळवायचं. बायका हाणतात, गडी खातात. गड्याने बाईवर हात उगारायचा नाही, आणि लागलं म्हणून नंतर कुरकुरायचंही नाही. होळीचा मार होळीत, असा पिढ्यान् पिढ्यांचा कायदा. कोर्टातले कायदे मोडतात, हा कधी कोणी मोडला नाही.

या कायद्याचा दुसरा उपयोग मोतीबाईला सुचला तो १९५७ च्या होळीत. त्याआधीच्या दिवाळीत यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला होता, आणि तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाच्या पारावर त्याच्या मोठ्या गप्पा चालत. पण राज्य बदललं तरी शेजारच्या सुखीबाईच्या पाठीवरचे वळ काही बदलले नव्हते. तिचा नवरा हरिसिंग दारू पिऊन तिला बदडायचा. सुखीबाईने नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, मागितली. नसाबीत बसणार सगळे गडी, त्यातले निम्मे हरिसिंगबरोबर पिणारे. डोंगरसिंग नायक माणूस वाईट नव्हता, पण तोही म्हणाला, "घरातलं घरात मिटवा ना बाप्पा." झालं. सुखीबाई पदराने डोळे पुसत परतली. तिचा दहा-अकरा वर्षांचा फुलसिंग आईमागे मुकाट चालत होता.

त्या होळीला मोतीबाईची काठी पातेल्याकडे येणाऱ्या सगळ्यांना सोडून हरिसिंगलाच शोधत होती. बाकीच्यांना मारल्यासारखं करी, त्याला मारी. मांड्यांवर, पोटऱ्यांवर, घोंगडं जिथे पुरत नाही तिथे. हरिसिंग ओरडला, हसला, मग नुसता ओरडला. पुढे बरेच दिवस त्याला गाडीच्या धुरीवर बसता येत नव्हतं, आणि तक्रार करायची सोय नव्हती. "काय झालं रे हरिसिंग?" कोणी मुद्दाम विचारलं की तो म्हणे, "होळी खेळलो." आणि नवल असं, की त्यानंतर त्याचा हात आवरला. लाजेने म्हणा, भीतीने म्हणा. पुढे चार वर्षांनी तो साप डसून गेला तोवर सुखीबाईने सुखाचे दिवस पाहिले.

मग काय, मोतीबाईकडे रीघच लागली. धुंडाच्या पुऱ्यांसाठी गहू दळायचे असत, आणि तांड्यातलं सगळ्यांत मोठं जातं मोतीबाईच्या ओट्यावर होतं. दोघी समोरासमोर बसून खुंटा धरणार, जातं घरघरणार, आणि त्या घरघरीत दळणारी हळूच एक नाव सांगणार. जात्याचा आवाज इतका की ओट्याखाली उभ्या असलेल्या तिसरीलाही काही ऐकू जायचं नाही. मोतीबाई नाव ऐकायची, मान हलवायची, जातं ओढायची. दुसऱ्या बाजूची चौकशी करण्याची तिची रीत नव्हती. बाई खोटं कशाला सांगेल, हा तिचा हिशेब.

तिचेही काही नेम होते. डोक्यात मारायचं नाही, पोटात मारायचं नाही, म्हाताऱ्याला मारायचं नाही, आणि काठी निरगुडीची, ओली. निरगुडी लागते खूप, हाड मात्र मोडत नाही. एवढे नेम पाळले की आपण न्यायी, असं तिला वाटे. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडू लागलं होतं. पाणवठ्यावर ती आली की सासुरवाशिणी बाजूला सरून जागा करत. गडी तिच्यासमोर विडी विझवत. मानाची चटक दारूपेक्षा वाईट, आणि ती सकाळीही उतरत नाही. धावजीला तिने एका होळीत चांगलं फोडून काढलं, तर मागाहून कळलं की त्याचा गुन्हा एवढाच होता की त्याने बायकोला पोहरादेवीच्या यात्रेला नेलं नाही. मोतीबाई खो खो हसली. "पुढच्या साली नेईन मंग तो," म्हणाली. धावजीने खरंच नेलं. त्यामुळे तिला तिथेही काही चुकलंसं वाटलं नाही.

१९६६ च्या होळीआधी तिचा धाकटा दीर देवीलाल दिग्रसच्या बसस्टँडवरून एक चित्रांचं पुस्तक घेऊन आला. देवीलाल कापसाच्या जिनात कामाला, चार इयत्ता शिकलेला, आणि असल्या पुस्तकांचा नादी. पानापानावर चौकटी, चौकटीत चित्रं, आणि चित्रातल्या माणसांच्या तोंडून फुग्यात बोलणं. त्यात तोंडावर काळं फडकं बांधलेला एक गडी होता. पोलिसांना जे सापडत नाहीत त्यांना तो अंधारात गाठायचा, बदड बदड बदडायचा आणि कोणाला न दिसता निघून जायचा. देवीलालने ओट्यावर बसून बायकांना सगळं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाला, "पाह्यलं का भाभी? हा त तुह्याच घरचा हाये. फरक एवढाच, का तेच्याजवळ काठी नाई."

"मी कायले तोंड बांधू?" मोतीबाई म्हणाली. "माह्या मागं होळी हाये ना." बायका हसल्या, ती सगळ्यांत जास्त हसली. पुस्तक तिने ठेवून घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी दुपारी ती चित्रं पाहत बसे.

त्याच फाल्गुनात फुलसिंगची बायको मानीबाई दळायला आली. फुलसिंग, म्हणजे सुखीबाईचा तोच मुलगा, आता तरणाबांड झाला होता. दिग्रसच्या एका जिनात यंत्रावर कापूस टाकायचं काम करायचा. हात चपळ, मुकादम खूश. मानी लग्न होऊन आली त्याला दोन वर्षं झाली होती, पण तिचा आवाज तांड्यात कोणी नीट ऐकला नव्हता. जात्याचा खुंटा धरायला तिने हात पुढे केला आणि बाही मागे सरकली. दंडावर काळेनिळे वळ. ताजे होते, जुनेही होते.

मोतीबाईच्या डोळ्यांपुढे सुखीबाईची पाठ उभी राहिली. बापाचं पोरात उतरलं, तिने मनाशी म्हटलं. जातं न थांबवता तिने विचारलं, "फुलसिंग?"

मानीने क्षणभर वर पाहिलं. मग मान हलवली. हो.

मोतीबाई संतापली. तो संताप साधा नव्हता, त्यात आपलं माणूस उलटल्याचं दुःख होतं. हा पोरगा तिच्या अंगणात खेळलेला, आईचा मार पाहून तिच्याच घरात लपलेला. त्याने हे करावं? त्या साली तिने निरगुडी कापली नाही. टेकडीवर जाऊन धावड्याची काठी तोडली. धावड्याच्या लाकडाचे कुऱ्हाडीला दांडे करतात.

होळीला रामधनच्या नातवाचा धुंड होता. गडी घोंगडी घेऊन आरडत आले. फुलसिंग पुढेच होता, हसत होता. मोतीबाईने मांडीवर नेम धरला, पण शेणसड्यावरून त्याचा पाय घसरला, तोल सावरायला त्याने उजवा हात खाली टेकला आणि काठी कोपरावर बसली. आवाज सगळ्यांनी ऐकला. फुलसिंग ओरडलाही नाही. हाताकडे पाहत राहिला, जसा काही तो दुसऱ्याचा हात असावा.

हाडं बसवणारा उकंडा शेजारच्या गावाहून आला. त्याने कामट्या बांधल्या, पाला लावला, तेल चोळलं. महिन्याने कामट्या सोडल्या तेव्हा हात जुळला होता, पण कोपर अर्धवट वाकलेलं ते वाकलेलंच राहिलं. सरळ होईना, पुरतं दुमडेना. जिनातल्या यंत्रावर तसला हात चालत नाही. मुकादमाने दुसरा माणूस घेतला. फुलसिंग शेळ्या राखू लागला, आणि मानी रामधनच्या शेतात निंदायला जाऊ लागली.

मोतीबाईचा राग अजून पुरता गेला नव्हता. "जरा जास्तच बसली, पन हात उचलनाऱ्याचा हात गेला," असं ती मनाची समजूत घालत होती. तशात एक दिवस ती तुरीच्या शेतात काडीकचरा वेचत असताना मानी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, धावत आली आणि तिच्यासमोर मटकन खाली बसली.

"काकी, तेनं मले कधी हात नाई लावला वो."

मोतीबाईला आधी कळेचना. "मंग त्या दिवशी मान काहून हलवली तू?"

"तुमी तेचंच नाव घेतलं. दुसरं कसं सांगू? तुमच्या काठीले गडीच लागते ना."

"कोनं मारलं मंग?"

मानीने बाही खाली ओढली. "सासूबाईनं," ती म्हणाली. "भाकर जळली का चुलीतलं लाकूड घेऊन. अन् तो असला त उठून भाइर जाते. नाई त पाह्यत राह्यते. मले तेचाच राग जास्त येत होता, काकी. म्हून हलवली मान. असं होईन हे कोनाले माहीत?" आणि ती रडायला लागली, हुंदके दाबत, धुऱ्यापलीकडे कोणी ऐकेल म्हणून.

चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ते हे. मोतीबाईने हातातल्या काड्या टाकून दिल्या. सुखीबाई! जिच्यासाठी पहिल्यांदा काठी उचलली ती, दर होळीला आपल्या खांद्याला खांदा लावून उभी राहते ती, आणि तिच्या हातातही काठीच. इतक्या वर्षांत हे सुचलं कसं नाही, की पातेल्याभोवती उभ्या असलेल्यांतही मारकुटी कोणी असू शकेल? तिची काठी तिथवर कधी पोचणारच नव्हती. आणि मानीचा मार अजून चालूच होता.

मोतीबाई तशीच नायकाच्या पारावर गेली. "नायक, माह्यावर नसाब बसवा," ती म्हणाली. "फुलसिंगचा हात माह्यानं गेला."

डोंगरसिंग नायक हसला. "इतक्या साली नसाब केली बाई, येनारा म्हनते मले सोडा. तू पहिली, जे म्हनते मले धरा. होळीच्या माराची नसाब बसत नसते. बसवली त उद्या सारे गडी पाठी उघड्या करून येतीन."

"पन मी ठरवून मारलं."

"काहून?" नायकाने विचारलं.

आणि इथे मोतीबाईची जीभ टाळ्याला चिकटली. कारण सांगावं तर मानीने मान हलवल्याचं सांगावं लागणार. नवऱ्याचा हात बायकोच्या खोट्या होकाराने गेला, हे कळल्यावर त्या पोरीला तांड्यात कोण उभं करणार? सुखीबाई तर तिला त्याच दिवशी माहेरी हाकलेल. न सांगावं तर फुलसिंगवर झालेला अन्याय तसाच गिळायचा. नायकाने तिच्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाला, "जा घरी. म्हातारी झाली तू." ती शिवी खाल्ल्यासारखी परतली.

फुलसिंगने शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. पण पाऊस पडल्यावर मोतीबाईने न सांगता त्याच्या शेतात आपले बैल घातले, तर तो शेळ्या सोडून धावत आला. "कायले काकी? तुमचं तुमाले काम कमी हाये का?"

"बैल रिकामे होते."

"त्या हाताचं मनाले लावून नका घेऊ," तो म्हणाला. "होळीचा मार होळीत." मनापासून म्हणाला. मोतीबाईने बैलाची शेपटी पिरगळली आणि जोडी पुढे हाकलली.

सुखीबाईशीही तिने एकदा विषय काढून पाहिला. पाणवठ्यावर दोघीच होत्या. "सुखी, सुनेच्या हातावर वळ दिसले मले." सुखीबाईने घागर विसळता विसळता म्हटलं, "नवराबायकोचं असन काई. आपुन कायले पडाचं मधात? तसंही तू हाणलं ना त्याले." आपल्या पोटच्या पोरावर आळ घेऊन ती घागर कमरेवर ठेवून निघून गेली. मोतीबाई तिथेच उभी राहिली. वाईट बाई नव्हती हो सुखीबाई. तिला जे मिळालं होतं तेच ती पुढे देत होती, आणि तिला वाटत असेल की सासू म्हणजे हेच. पण यामुळे मानीचे वळ कमी दुखत नव्हते. मोतीबाईने एक केलं. स्वयंपाकाच्या वेळेला काही ना काही मागायच्या निमित्ताने ती सुखीबाईच्या घरी जाऊन बसू लागली. पाहुणी बसलेली असताना चुलीतलं लाकूड बाहेर निघत नसे. पण किती दिवस आणि किती वेळा बसणार?

दिवाळीत देवीलाल जिनातून सुटीवर आला तेव्हा तिने ते चित्रांचं पुस्तक त्याच्यापुढे टाकलं. "वाच पुन्ना."

त्याने वाचलं. काळ्या फडक्याचा गडी एका सावकाराला जिन्यावरून खाली फेकत होता, त्या पानावर तिने बोट ठेवलं. "याले कोन सांगते, का दोष कोनाचा हाये?"

"कोनी नाई सांगत भाभी. तेले माहीतच असते."

"अन् चुकला त?"

"तो चुकत नसते," देवीलाल हसून म्हणाला. "चुकला त पुस्तक कोन घेईन?"

मोतीबाईने पानं उलटी सुलटी करून पाहिली. "ज्याइले मारलं तेइच्या घरी काय झालं, तेचं एकबी चित्र नाई काढलं यात." तिने पुस्तक त्याला परत देऊन टाकलं.

नवा फाल्गुन आला. गंमत अशी, की त्या साली धुंड देवीलालच्याच घरी होता. त्याला मुलगा झाला होता, तेव्हा घरची मोठी म्हणून बायकांच्या पुढे मोतीबाईच उभी राहणार. दळायला बायका आल्या, पण तिने जात्यावर कोणाला नाव घेऊ दिलं नाही. "मले सांगू नोका," ती म्हणायची, "माह्यात ते पाह्याची अक्कल नाई." बायका चिडल्या. वच्छलाबाई नावाची एकजण तर तोंडावर म्हणाली, "आमची पाळी आली तवाच तुले अक्कल आली का?" बोलणं खोटं नव्हतं. तिच्या नवऱ्याचा मार खरा होता, आणि आता तो आवरायला कोणी नव्हतं. मोतीबाईने ते ऐकून घेतलं. पुरेसं वाईटही वाटून घेतलं. पण नाव घेतलं नाही.

होळीच्या दिवशी अंगणात खुंटे रोवले, पातेलं जखडलं. बायका काठ्या घेऊन उभ्या राहिल्या, सुखीबाई डाव्या हाताला, मानी मागे. समोर गडी घोंगडी पांघरून, त्यांत फुलसिंगही होता, वाकडा हात घोंगड्यात लपवून. नायक खाटेवर बसून पाहत होता. सगळे मोतीबाईच्या आरोळीची वाट पाहत होते.

मोतीबाईने काठी खाली टाकली. पातेल्याला वळसा घातला आणि गड्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. अंगावर घोंगडं नाही, काही नाही.

"हे काय भाभी?" देवीलाल हसायला लागला. बाकीचेही हसले. तिला नवा काही खेळ सुचला असेल असं सगळ्यांना वाटलं.

"ऐका," ती म्हणाली. "मागच्या होळीत मी फुलसिंगले ठरवून मारलं. धावड्याच्या काठीनं. मानीच्या हातावर वळ पाह्यले अन् मनानंच ठरवलं, का नवऱ्यानंच मारलं. कोनाले इचारलं नाई, कोनं मले सांगतलं नाई. चूक माही एकटीची. नायक नसाब बसवत नाईत. मंग आज मी इकडून येतो. तुमी मारा."

हसणं बंद पडलं. बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. मोतीबाई चालत पातेल्यापाशी आली, दोराला हात घातला. एकीचीही काठी उठली नाही. ज्या बाईने इतक्या वर्षांत त्यांच्या नवऱ्यांना धाकात ठेवलं, तिच्यावर काठी कशी उगारावी?

"मारा ना वो!" मोतीबाई ओरडली. तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही.

तेवढ्यात मागून मानी पुढे आली. सगळ्यांना वाटलं, ही आता मारते. नवऱ्याचा हात गेला तिचा, तिचाच हक्क पहिला. पण तिने काठी उगारलीच नाही.

"काकी खोटं बोलून राह्यली," मानी म्हणाली.

एवढ्या माणसांत ती पहिल्यांदाच बोलत होती. मोतीबाईने मान हलवून तिला गप्प राहायची खूण केली. मानीने ती पाहिली, आणि तरी बोलली.

"काकीनं मले इचारलं होतं, फुलसिंगनं मारलं का? म्या हो म्हनलं. तेनं नोतं मारलं. खरं नाव घ्याची माही हिंमत नोती, म्हून तेच्यावर घातलं. तेचा हात माह्यापाई गेला." मग ती नवऱ्याकडे वळली. "मले माहेरी धाडाचं असन त धाडा."

डोंगरसिंग नायक खाटेवरून उठला होता. "मंग खरं नाव कोनाचं, पोरी?" त्याने विचारलं.

मानीला ते नाव घेववेना. तिच्यापासून हातभर अंतरावर सुखीबाई उभी होती, तिची नजर जमिनीवर खिळलेली. मोतीबाईला वाटलं, आपण सांगून टाकावं. जीभ अगदी ओठांवर आली. पण तिने दोर घट्ट धरला आणि तोंड मिटून ठेवलं, कारण हे नाव तिने घ्यायचं नव्हतं.

घोंगडं खाली पडलं. फुलसिंग गड्यांतून बाहेर आला. वाकडा हात त्याने आज पहिल्यांदा चारचौघांत उघडा केला.

"माह्या याडीचं," तो म्हणाला, म्हणजे आपल्या आईचं. "अन् मी पाह्यत होतो. लहानपनी बाप मारे तवाबी पाह्यत होतो, अन् आताबी पाह्यत होतो. मानी कुटंच जात नाई."

सुखीबाईच्या हातातली काठी गळून पडली. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. मोतीबाई दोर सोडून तिच्याजवळ गेली, शेजारी बसली, पण तिच्या पाठीवरून हात फिरवायचं तिला जमलं नाही. सून अजून तिथेच उभी होती, आणि आज पहिला हात त्या पोरीच्या पाठीवरून फिरायला हवा होता.

डोंगरसिंग नायकाने डोक्यावरची पगडी नीट केली, जी तो फक्त नसाबीला बसताना नीट करायचा, आणि खाट बाजूला सारून जमिनीवर मांडी घातली. "पुऱ्या मंग खाऊ," तो म्हणाला. गडी सवयीने त्याच्याभोवती गोल करून बसू लागले. त्याने हाताने त्यांना मागे सारलं.

"जागा करा थोडी," नायक म्हणाला. "बाया बसतीन आज. वच्छला, तूबी ये. मानी, तू इथं पुढं बस अन् पहिल्यापासून सांग."

मानी पुढे जाऊन बसली.